जमिनीपासून तेहतीस इंच

३० सप्टेंबर १९९६, सोमवार

भाऊसाहेब सकाळी येऊन गेले. त्यांच्या साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात माझ्या 'ऋतूप्रमाणे घर' या सदराला या वेळी चार पानं आणि सहा फोटो मिळणार आहेत. फोटो माझ्याच घराचे. फोटोग्राफर तीस ऑक्टोबरला येईल.

"बाई, अख्खा जिल्हा बघणार आहे तुमचं घर."

"जिल्हा राहू द्या. मागच्या वेळी माझ्या लेखाच्या मधोमध म्हशीच्या पेंडीची जाहिरात घुसवलीत, तेवढी या वेळी बाहेर ठेवा."

म्हणून ही वही. कोणती वस्तू कुठून काढली, कुठे ठेवली, का ठेवली, हे रोजच्या रोज लिहिलं की लेख आपोआप तयार होईल. चौतीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं. मुलींना पहिल्या तासाला एकच वाक्य लिहायला लावायची: ऋतू बदलला की घर बदललं पाहिजे. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण वाक्य निवृत्त झालेलं नाही.

उद्यापासून दसरा काढायचा. गोजरबाईला सांगितलं आहे, सात म्हणजे सात वाजता ये.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस घर अंगणात होतं. गोधड्या, पडदे, सतरंज्या धुतल्या, भांडी चिंचेनं घासली, डबे उन्हात वाळवले. हॉलला आणि बोळाला फिकट हळदी रंग दिला. शरदात ऊन पिवळं येतं, भिंतीनं त्याच्याशी भांडू नये.

नवी मांडणी अशी. दिवाण खिडकीखालून काढून समोरच्या भिंतीला लावला. यांची वेताची आरामखुर्ची बोळाच्या तोंडाशी होती, ती खिडकीत नेली. तिवई मध्ये आणली. मोठं पितळी घंगाळ स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं, त्यात पाणी आणि झेंडू. कोपऱ्यातल्या माठात बाजरीची कणसं उभी केली. पडदे आईच्या दोन इरकली लुगड्यांचे, काठ खाली येईल असे शिवले. हॉल पाच हात मोठा दिसायला लागला.

यांना म्हटलं, "बघा तरी."

"छान दिसतंय." मान न वळवता.

"कुठे बघितलंत?"

"बघितलं की."

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर होते. भिंत एका दोऱ्यानं तिरकी असली तरी कंत्राटदाराला पाडायला लावायचे. निवृत्तीनंतर सहा वर्षांत माणूस किती ढिला पडतो. ताटात तुपाची वाटी डाव्या बाजूला ठेवली होती, जेवण संपेपर्यंत हात लावला नाही. वर म्हणाले, "तूप संपलंय का?"

५ ऑक्टोबर, शनिवार

तिवई भिंतीशी, जुन्या जागी.

सकाळी मी स्वतः मध्ये ठेवली होती. दळण घेऊन आले तर भिंतीशी. गोजरबाईला विचारलं.

"म्या न्हाई बाई हात लावला. तुमी ठिवता तिथंच झाडते, तिथंच पुसते."

"मग काय तिवईला पाय फुटले?"

"तीन तर आधीपासून हायत. तुमी कुठल्याच वस्तूला चार म्हयनं एका जागी बसू देत न्हाई. कटाळली आसंल."

यांनाही विचारलं. "मी कशाला हलवू?" म्हणाले. तेही खरं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी घरातली काडीसुद्धा इकडची तिकडे केलेली नाही.

तिवई परत मध्ये ठेवली.

९ ऑक्टोबर, बुधवार

दोन गोष्टी. पहिली: घंगाळ. दुपारी भाजी घेऊन आले तर ते स्वयंपाकघराच्या दाराशी नव्हतं, मोरीजवळ होतं. पाण्यासकट. भरलेलं घंगाळ मला एकटीला उचलत नाही, ओढावं लागतं. कुणीतरी ओढलं. दाराला कुलूप नव्हतं कारण हे घरात होते. यांना डुलकी लागली होती म्हणतात. भरदिवसा घरात कुणी येऊन जातं आणि काही चोरत नाही, फक्त सामान जुन्या जागी ठेवून जातं? असा चोर मी ऐकलेला नाही. ऐकला नाही म्हणूनच दाराला आतून कडी घातली.

दुसरी: नव्या रंगावर काळपट रेघ. आमच्या खोलीपासून बोळातून न्हाणीघरापर्यंत, मध्ये मध्ये तुटलेली, पण एकाच उंचीवर. टेप लावली. जमिनीपासून तेहतीस इंच. गोजरबाईला बोलावून झापलं, फडक्याचा हात भिंतीला पुसतेस म्हणून. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हात सोडला.

"बघा की बाई. माझा हात कुठं आन् तुमची रेघ कुठं. मी ही एवढीशी."

"उलट बोलू नकोस. पूस."

संध्याकाळी शेजारचे काकासाहेब कुंपणाशी आले. आमचे हे आणि ते दहा वर्षं रोज सकाळी बरोबर फिरायला जात. आता हे जात नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात. काकासाहेब हसून म्हणाले, पण लागलं होतं त्यांना: "वहिनी, सूर्यभानराव मोठे झाले बरं का. परवा दुकानाशी मी बाजूलाच उभा, नमस्कार केला, तसेच निघून गेले."

यांना विचारलं तर उठून आत गेले. माणूसघाणेपणाही आता शिकायचा होता.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज काही घडलं नाही. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

पारनेरला थोरल्या भावानं जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा आई साठीची होती. जुन्या घरात चुलीच्या उजव्या हाताला फडताळ होतं. नव्यात तिथे नुसती मोकळी भिंत. आईनं एक दिवस दुधाचं पातेलं त्या फडताळात ठेवलं. म्हणजे हवेत ठेवलं. दूध सगळ्या घरभर. आम्ही हसलो. मग रोज काहीतरी तिथे ठेवू लागली. नव्या घरातल्या वस्तू उचलून जुन्या घराच्या जागी नेऊन ठेवायची आणि विचारलं की म्हणायची, म्या न्हाई. खरंच वाटायचं तिला.

ती सुरुवात होती. चार वर्षांनी मी सुट्टीत गेले तर मला म्हणाली, "या मास्तरीनबाई, बसा. तुमाला आई हाय का?"

मी या डिसेंबरात साठीची होते.

तिवई जुन्या जागी. घंगाळ जुन्या जागी. घरात चोर आलेला नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

काल घट बसले. आज सकाळपासून कपाटाच्या चाव्या सापडत नव्हत्या. देवघर, गाद्या, अंगण, सगळं पालथं घातलं. दुपारी भाताला तांदूळ काढले तर मापट्याबरोबर चाव्या वर आल्या.

तांदळाच्या डब्यात.

डबा बंद करून त्यावरच बसले. गोजरबाई दारातून म्हणाली, "काय झालं बाई?" म्हटलं, काही नाही, किडे झालेत का बघतेय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आरामखुर्ची पुन्हा बोळाच्या तोंडाशी. मी यांना विचारणारच नव्हते. पण तोंडातून गेलं.

हे म्हणाले, "तूच ठेवलीस की काल संध्याकाळी. विसरलीस?"

सहज म्हणाले. समोर माझ्याकडे बघत. मी "हो का" म्हणाले आणि आत येऊन ही वही उघडली. तीन तारखेची नोंद माझ्याच अक्षरात आहे: खुर्ची खिडकीत नेली. पण वहीनं काय सिद्ध होतं? मी काय ठेवलं ते वही सांगते. मी काय परत उचललं ते वहीला कळत नाही.

आईलाही लिहिता येत असतं तर तिच्या वहीत सगळं बरोबरच असतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

स्वयंपाकघरात, भाजी चिरताना, परीक्षा घेतली. महिने उलटे म्हटले. मराठी महिने उलटे म्हटले. मग १९७४ च्या नववी 'ब'ची हजेरी, बेचाळीस मुली, मोठ्यानं. सोळापर्यंत सरळ आले. सतरा नंबर येईना. सोळावरून पुन्हा सुरुवात केली. सोळा, सोळा, सोळा. अठरा आली, सतरा नाही.

हे बाहेर खुर्चीत होते. ऐकू गेलं असेल. काही बोलले नाहीत. हल्ली कधी कधी स्वतःशी आकडे पुटपुटतात, अकरा, बारा, तेरा. जप करत असावेत. कधी नव्हे ते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

दसरा झाला. आपट्याची पानं वाटायला आलेल्या बायकांनी घराचं तोंडभरून कौतुक केलं. "बाई, तुमच्याकडे आलं की दिवाळी आधीच आल्यासारखी वाटते." मी हसत होते आणि एक डोळा तिवईवर होता.

रात्री झोप लागत नाही, दिवसा घराबाहेर पाय निघत नाही. बाहेर गेले की परत येताना फाटकाशीच थांबते. आज काय हललं असेल. खरं सांगायचं तर, आज मी काय हलवलं असेल.

नाशिकला वृषालीला फोन केला. सांगणार होते. तिचा आवाज ऐकला आणि फराळाचं बोलले. तीच म्हणाली, "आई, बाबांचं पत्र आलं. एका ओळीवर दुसरी ओळ लिहिलीय गं. निम्मं वाचताच येत नाही. बरे आहेत ना?"

"सहा वर्षं रिकामं बसल्यावर अक्षर बिघडायचंच," म्हटलं. "तुला कळायला लागल्यापासून ते कधी आजारी पडलेत का?"

फोन ठेवला आणि वाटलं, हिला लेक म्हणून मी कधीपर्यंत ओळखेन?

२९ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या फोटो म्हणून सकाळी हॉलच्या मधोमध शहाबादी फरशीवर गेरूचा मोठा चौक सारवला, अर्धवट वाळल्यावर त्यावर रांगोळी घातली. एकवीस ठिपके. दीड तास लागला. घंगाळ पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं, ताजा झेंडू घातला. फोटोंच्या ओळींची यादी भाऊसाहेबांना द्यायला निघाले. वेशीपर्यंत रिक्षानं गेले आणि लक्षात आलं, यादीच घरी राहिली. रिक्षातच डोळ्यांत पाणी आलं. मागे फिरले.

दार उघडंच होतं. रांगोळीवरून पावलं गेली होती. लाल, मोठी, अनवाणी. चौकाच्या कडेनं नाही, मधून. खुर्चीपासून सरळ, एकसारख्या अंतरावर, टेपनं मोजून टाकावीत तशी, घंगाळापर्यंत. घंगाळ कलंडलेलं. पाणी बोळात. आणि हे गुडघ्यावर बसून फुलं गोळा करत होते.

छत्तीस वर्षांत या माणसानं रांगोळीवर पाय दिलेला नाही. उंबऱ्यावरच्या चार ठिपक्यांनाही वळसा घालायचे.

एक फूल त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकलं होतं. हात त्याच्या पलीकडून गेला, अलीकडून गेला, रिकामा परत आला. मी दारात उभी.

त्यांनी मान वर केली, माझ्या दिशेला नाही. "गोजरा, तू का गं? बाईंना सांगू नकोस हां. पूस पटकन."

"मीच आहे," म्हटलं.

मीच विचारलं.

"कधीपासून?"

"होळीपासून. आधीपासूनही असेल."

"काय दिसतं?"

"धरणावर मोजणीची लेव्हल लावल्यावर तिच्या दुर्बिणीतून जेवढं दिसतं तेवढं. मधलं दिसतं. बाजूचं सगळं गेलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"दादांना बघितलंयस तू."

बघितलं होतं. माझे सासरे, राजूरला. डोळे गेल्यावर अकरा वर्षं ओट्यावर एका जागी. चहा हातात, भाकरी हातात, आणि सगळे त्यांच्यासमोर त्यांच्याचबद्दल बोलायचे, जसे काही कानही गेले आहेत.

"मला ओट्यावर बसायचं नव्हतं," हे म्हणाले. "घर पाठ होतं मला. खुर्चीपासून न्हाणीघर चौदा पावलं. दिवाणाला उजवा गुडघा लागला की वळायचं. तू दिवाण हलवलास. तिवई मध्ये आणलीस. दोनदा पडलो मी. तू बाजारात होतीस. दिवाण मला ढकलवला नाही, बाकीचं ढकललं."

"आणि मी विचारलं तेव्हा म्हणालात, तूच ठेवलीस."

त्यांनी हातातली फुलं खाली ठेवली.

"मी हजेरी म्हणत होते. ऐकलंत?"

"ऐकलं."

"मला काय वाटत होतं ते कळलं होतं?"

"कळलं होतं." मग खाली बघून, "सतरा नंबर पंकजा. बाकावर चढून भांडायची, तू घरी येऊन रोज तिच्या नावानं खडे फोडायचीस. सांगावंसं वाटलं. जीभ उचलली नाही."

अकरा दिवस. अकरा दिवस हे सगळं माहीत असून गप्प बसले. मी मेल्याहून मेल्यासारखी फिरत होते आणि हे खुर्चीत बसून होते, स्वतःच्या भीतीला राखत.

माफ केलं असं इथे लिहिणार नाही. गरम पाणी आणलं आणि त्यांच्या तळपायांचा गेरू पुसला, एवढंच लिहिते.

३० ऑक्टोबर, बुधवार

फोटोग्राफरला परत पाठवलं. भाऊसाहेबांचा फोन आला. "बाई, छपाई थांबलीय!"

"थांबू द्या."

"कारण तरी?"

"घर तयार नाही."

"बाई, तुमचं घर तयार नाही तर मग नगरात कुणाचं असणार?"

फोन ठेवला. भिंतीवरची रेघ गोजरबाईनं पुसली होती, पुन्हा उमटली आहे. आता कळतंय ती कुणाची. हात तिथे पोचतो त्यांचा, न वाकता. तेहतीस इंच.

गोजरबाईला म्हटलं, चुकले मी, तुला बोलले. ती म्हणाली, "मला ठावं हुतं बाई साहेबांचं. पन त्यांनी शपत घातली हुती. घरच्या मानसानं घरच्या मानसाला सांगावं, मी कशाला मधी पडू?"

१ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. दोन्ही डोळे, उजवा जास्त. पंचवीस प्रश्न लिहून नेले होते, चार विचारले.

"गेलेलं परत येत नाही, बाई. राहिलेलं राखायचा प्रयत्न करायचा. थेंब एकही दिवस चुकवू नका."

"राखलं जाईल ना?"

"प्रयत्न करू."

चौतीस वर्षं पालकांना मीही हेच उत्तर देत आले. प्रयत्न करू. त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे.

रिक्षात यांनी माझा हात धरला नाही, सीटची कड धरली. मी पण धरला नाही. दोघेही समोर बघत होतो. त्यांना समोरचंच दिसतं, आणि मला समोरचंच बघायची भीती वाटत होती.

२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं जुन्या जागी. दिवाण खिडकीखाली, तिवई भिंतीशी, घंगाळ मोरीजवळ, खुर्ची बोळाच्या तोंडाशी. हे हॉलच्या मधोमध उभे राहून सांगत होते, "अजून चार बोटं डावीकडे," आणि मी आणि गोजरबाई ओढत होतो. धरणावर मजुरांना सांगावं तसं. पुष्कळ दिवसांनी त्यांचा आवाज मोठा निघाला. गोजरबाई म्हणाली, "साहेब, मजुरी कधी वाटनार?"

मग भिंत. रेघ पुसायची नाही असं ठरवलं. पण माझ्या भिंतीवर मळाची रेघ मी राहूही देणार नाही. सुतळी आणली, हळदीत रंगवली, बोटाएवढी जाड तीनपदरी वेणी घातली आणि रेघेवरूनच खिळ्यांना ओवत नेली. आमच्या खोलीपासून बोळातून न्हाणीघरापर्यंत, तिथून स्वयंपाकघर, तिथून पुढचं दार. न्हाणीघराशी एक गाठ, स्वयंपाकघराशी दोन, दाराशी तीन. गाठींमध्ये लाल लोकरीचे गोंडे, कारण नुसती गाठ उघडी बरी दिसत नाही.

त्यांनी एकदा टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला. "दुसरी गाठ ढिली आहे," म्हणाले. सोडून परत बांधली.

ते आडवे झाल्यावर मी डोळे मिटून त्यांच्या खुर्चीपासून न्हाणीघराकडे निघाले. वेणीवर बोटं ठेवून. चौदा पावलं आहेत. माझंच घर, माझाच बोळ, भरदुपार. नवव्या पावलाला असं वाटलं की पुढे जमीन नाही. डोळे उघडले.

४ नोव्हेंबर, सोमवार

फोटोग्राफर योगेश आला. दिवाण खिडकीखाली बघून तोंड वाकडं केलं. "बाई, हे तर नेहमीसारखंच."

"नेहमीसारखंच काढायचं आहे."

मग त्याला बोळातली वेणी दिसली. वाकून बघितली, गोंडा हातात घेतला. "हे भारी आहे! नवीन फॅशन का?"

"हो."

"कुठून सुचलं?"

"भिंतीवर आधीपासून होतं."

त्याला काही कळलं नाही. त्यानं सहापैकी चार फोटो वेणीचे काढले. हे दार ओढून आत बसले होते. फोटोत नको म्हणाले.

लेख पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य, जे चौतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, ते काढलं. त्या जागी लिहिलं: घर सजवण्याआधी घरातल्या माणसाचा हात कुठे कुठे टेकतो ते पाहा, आणि तिथून सुरुवात करा. खाली वेणीची कृती. उंची: जमिनीपासून तेहतीस इंच. कारण लिहिलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

धनत्रयोदशी. अंक आला. पेंडीची जाहिरात नाही, खताची आहे. दुपारपर्यंत नऊ बायकांचे फोन. सगळ्यांना वेणी हवी. एकीनं विचारलं, "बाई, तेहतीसच का? आमच्याकडे छत्तीसला सोफ्याच्या वर येते, छान दिसेल."

"छत्तीसला लावा. तुमचं घर."

संध्याकाळी यांच्यासमोर ही वही घेऊन बसले. एकदाचा हिशोब मिटवावा म्हणून हललेली प्रत्येक गोष्ट तारखेसकट वाचली. तिवई, घंगाळ, खुर्ची. प्रत्येकाला "मीच" म्हणाले. "चौदा ऑक्टोबर, चाव्या तांदळात."

"चाव्या? नाही गं. चाव्यांना मी कशाला हात लावू?"

"नीट आठवा."

"नाही. शपथ."

गोजरबाई पणत्या पाण्यातून काढत होती. म्हणाली, "त्या तर तुमीच ठिवल्या की बाई. घट बसले त्या दिशी. म्हनला, गोजरे, घरात कुनीतरी येतंय, पन चोर तांदळात हात घालत न्हाई. आन् हसला बी."

"मी हसले?"

"हसला की. लई दिसांनी हसला म्हून तर ध्यानात ऱ्हायलं."

मला काहीच आठवत नाही. आताही, लिहिताना, डोळे मिटून बघते आहे. तांदळाचा डबा दिसतो, हात दिसत नाही.

गोजरबाई गेल्यावर यांना सांगितलं. आईचं, पातेल्याचं, "तुमाला आई हाय का"चं, सगळं. लपवायचं नाही एवढं एक या महिन्यात शिकले. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "चिंतेनं होतं असं. नसेल तसं काही." थोड्या वेळानं, "आणि असलंच तर तू बघ, मी ध्यानात ठेवतो. सतरा नंबर मलाच आठवली होती."

"आणि दोघांचंही गेलं तर?"

त्यांनी हात भिंतीकडे नेला, वेणी चाचपली, दुसरी गाठ ओढून पाहिली. घट्ट होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाडवा. वृषाली आणि जावई उद्या येणार. वृषालीला फोनवर सगळं सांगितलं आहे, डोळ्यांचंही आणि चाव्यांचंही.

पाट मांडला, भोवती रांगोळी काढली नाही. हे नवी टोपी घालून बसले. मी निरांजन लावलं आणि ओवाळायला घेतलं, नेहमीसारखं, खांद्यापासून खांद्यापर्यंत मोठा फेरा. त्यांचे डोळे हलत नव्हते. समोर बघत होते.

"काय झालं?"

"ज्योत येते आणि जाते," म्हणाले. "येते आणि जाते. लहान फेरा घे जरा."

परातीएवढा घेतला.

"अजून लहान."

ताटलीएवढा. तबक हातात जड लागायला लागलं होतं.

"अजून."

बशीएवढा झाला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "हां. आता जात नाही. आता सगळी दिसतेय."

मी तेवढ्याच फेऱ्यात पाच वेळा ओवाळलं. हात सुटला नाही. मग त्यांनी ओवाळणी तबकात घातली, नेम धरून, बरोबर मधोमध.

नंतर स्वयंपाकघरात जाऊन बशीवर टेप लावली. साडेपाच इंच. इथे लिहून ठेवते आहे, कारण मी विसरेन. पुढच्या पाडव्याला पुन्हा मोजायचं.